त्रिकोणमितीय स्तंभ

देशाच्या नकाशासाठी केल्या जाणाऱ्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणात निरीक्षणस्थानाची खूण कायम राहावी आणि कोन मोजण्याचे उपकरण त्या खुणेवर प्रत्येक वेळी अचूकपणे बसविता यावे, यांसाठी बांधलेला काँक्रीटचा अथवा दगडी खांब. तो बहुधा टेकडीच्या किंवा डोंगराच्या माथ्यावर असतो. अशा खुणा अनेक देशांत आढळतात. तथापि ग्रेट ब्रिटनमध्ये ऑर्डनन्स सर्व्हे या राष्ट्रीय नकाशासंस्थेने १९३६ पासून उभारलेले सु. ६,५०० स्तंभ हे त्यांचे सर्वांत परिचित उदाहरण होय. सामान्य व्यवहारात त्यांना ‘ट्रिग पॉइंट’ म्हणतात. प्रस्तुत नोंदीत मुख्यत्वे या ब्रिटिश स्तंभांचे विवेचन केले असून शेवटी भारतातील तत्सम खुणांचा परामर्श घेतला आहे.

तत्त्व : त्रिकोणाची एक बाजू व त्याचे कोन माहीत असल्यास उरलेल्या दोन बाजूंची लांबी गणिताने काढता येते. या साध्या सिद्धांतावर त्रिकोणीकरणाची पद्धत आधारलेली आहे [⟶ भूगणित]. सपाट जागी एक आधाररेषा अत्यंत काळजीपूर्वक मोजतात. तिच्या दोन्ही टोकांवरून दूरच्या एखाद्या टेकडीकडे पाहून कोन मोजले की, त्या टेकडीचे स्थान निश्चित होते. मग नव्याने मिळालेल्या बाजू आधाररेषेप्रमाणे वापरून त्यापलीकडील स्थाने ठरविता येतात. अशा रीतीने सर्व देशभर त्रिकोणांचे जाळे पसरविता येते. दऱ्या, नद्या व शहरे यांमधून साखळीने अंतरे मोजीत जाण्यापेक्षा कोन मोजणे सोपे व अधिक विश्वसनीय असल्याने अंतरमापनाची नवी उपकरणे येईपर्यंत, म्हणजे विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत, ही पद्धत सर्वत्र रूढ होती.

या पद्धतीत परस्परांना दिसणारी स्थाने निवडावी लागतात व म्हणूनच ती उंचावर घ्यावी लागतात. पृथ्वीच्या वक्रतेमुळे क्षितिज लवकरच दृष्टीच्या आड जाते. समुद्रसपाटीपासून १०० मी. उंचीवरून ते वातावरणातील प्रणमन जमेस धरून सु. ३८ किमी.वर असते. अर्थात डोंगरमाथ्यांवरील स्थाने सौंदर्यदृष्टीने निवडलेली नसून केवळ दृष्टिरेषेच्या गरजेने निवडलेली असतात.

स्तंभाची आवश्यकता दुसऱ्या एका कारणाने उत्पन्न होते. कोन ज्या बिंदूवरून मोजला तो बिंदू आणि नंतर ज्या बिंदूकडे पाहून दुसरा कोन मोजला तो बिंदू, हे एकच असले पाहिजेत. १० किमी. अंतरावरून पाहिल्यास १ सेंमी.चा फरक सु. ०·२ विकला एवढा कोन दाखवितो; उलट ३० किमी. लांबीच्या बाजूवर कोनात १ विकलेची चूक झाली, तर त्यामुळे दूरचे टोक सु. १४·५ सेंमी.ने सरकते. तिवईवर ठेवलेले उपकरण वाऱ्याने हलते, निरीक्षकाच्या पावलांनी जमीन किंचित दबते आणि काही महिन्यांनी पुन्हा येऊन तेच स्थान साधणे कठीण होते. या सर्व अडचणींवर जमिनीत खोल रोवलेला भक्कम खांब हा उपाय ठरला.

पूर्वपीठिका : ब्रिटनमधील पहिल्या त्रिकोणीकरणाची सुरुवात विल्यम रॉय याने १७८४ मध्ये लंडनजवळील हाउन्झ्लो हीथ येथे आधाररेषा मोजून केली. १७९१ मध्ये ऑर्डनन्स सर्व्हेची स्थापना झाली आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ‘प्रमुख त्रिकोणीकरण’ या नावाने ओळखले जाणारे जाळे पुरे झाले. त्यासाठी जेसी रॅम्झडेन याने बनविलेले, सु. ९१ सेंमी. व्यासाच्या वर्तुळाचे प्रचंड थिओडोलाइट वापरण्यात आले. या सर्वेक्षणातील निरीक्षणे त्या काळाच्या मानाने उत्तम होती. परंतु स्थानांच्या खुणा जमिनीत पुरलेल्या असल्यामुळे त्यांपैकी अनेक पुढे सापडेनाशा झाल्या.

दुसरा दोष नकाशांच्या मांडणीत होता. मोठ्या प्रमाणावरील नकाशे परगण्यावार, प्रत्येक परगण्यासाठी किंवा परगण्यांच्या गटासाठी वेगळा आरंभबिंदू व वेगळा प्रक्षेप धरून काढलेले होते. एका परगण्याच्या अंतर्भागात नकाशा निर्दोष असे. पण दोन परगण्यांच्या सीमेवर शेजारचे नकाशे एकमेकांस नीट जुळत नसत. पहिल्या महायुद्धानंतर शहरांची वाढ होऊ लागली व नगररचना, जमिनीची नोंदणी व रस्तेबांधणी यांसाठी अद्ययावत नकाशांची निकड भासू लागली, तेव्हा ही विसंगती असह्य झाली. १९३५ मध्ये नेमलेल्या डेव्हिडसन समितीने १९३८ च्या अंतिम अहवालात सर्व देशासाठी एकच प्रक्षेप व मीटरवर आधारलेले एकच राष्ट्रीय जाल स्वीकारावे, अशी शिफारस केली. त्यापूर्वीच नव्या त्रिकोणीकरणाचे काम सुरू झालेले होते.

रचना : या कामाची आखणी मार्टिन हॉटिन (१८९८–१९६८) या लष्करी अभियंत्याने केली व स्तंभाचा आराखडाही त्यानेच तयार केला. यामुळे स्तंभांना ‘हॉटिन स्तंभ’ असेही म्हटले जाते. १८ एप्रिल १९३६ रोजी नॉर्थॅम्प्टनशरमधील कोल्ड ॲशबी येथील स्तंभावरून नव्या त्रिकोणीकरणाचा आरंभ झाला.

नमुनेदार स्तंभ चौरस बैठकीचा असून वर निमुळता होत जातो. जमिनीवरील त्याची उंची सु. १·२ मी., तळाची बाजू सु. ६० सेंमी. आणि माथ्याची बाजू सु. ३५ सेंमी. असते. उभे राहून निरीक्षण करणाऱ्या माणसाच्या डोळ्यांच्या पातळीस थिओडोलाइटची दुर्बीण यावी, या हिशोबाने ही उंची ठरविलेली आहे. दृष्टीस पडणारा हा खांब संपूर्ण बांधकामाचा केवळ वरचा भाग होय. त्याखाली काँक्रीटचा पाया असून मऊ जमिनीत तो अधिक खोल नेलेला असतो. स्तंभाच्या खाली जमिनीतही एक धातूची खूण पुरलेली असते आणि वरची खूण बरोबर तिच्या ओळंब्यात येईल अशी बसवितात. त्यामुळे खांब मोडला, तरी मूळ स्थान नाहीसे होत नाही.

माथ्यावर पितळी तबकडी बसविलेली असते. तिच्यावर मध्यापासून निघणाऱ्या व परस्परांशी १२०° चा कोन करणाऱ्या तीन खोबणी असतात. थिओडोलाइटचे तीन पाय या खोबणींत ठेवले की, उपकरणाचा मध्य आपोआप स्थानाच्या मध्यावर येतो. वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या निरीक्षकांनी व वेगवेगळ्या उपकरणांनी केलेली निरीक्षणे एकाच बिंदूशी निगडित राहतात, ते या साध्या योजनेमुळेच. स्तंभाच्या एका बाजूस क्रमांक कोरलेली धातूची पट्टी जडविलेली असते. ती उंचीसाठी तलचिन्ह म्हणून उपयोगी पडते. ब्रिटनमधील उंची कॉर्नवॉलमधील न्यूलिन येथे १९१५ ते १९२१ या काळात निश्चित केलेल्या सरासरी समुद्रपातळीपासून मोजतात.

सर्व स्तंभ एकाच नमुन्याचे नाहीत. वाळू, सिमेंट व पाणी वर नेणे जेथे फार कष्टाचे होते, तेथे डोंगरावर मिळणाऱ्या दगडांनीच स्तंभ रचण्यात आले. स्कॉटलंडमध्ये प्रामुख्याने आढळणारे काही स्तंभ वाटोळे आहेत. पुठ्ठ्याच्या नळकांड्यात काँक्रीट ओतून ते तयार केले जात. या नळकांड्यांच्या उत्पादकाचे नाव ‘व्हेनेस्टा’ असे होते. त्याच्या अपभ्रंशाने अशा स्तंभांना ‘व्हॅनेसा’ हे नाव पडले. सर्वांत उंचावरील स्तंभ स्कॉटलंडमधील बेन नेव्हिस या शिखरावर (१,३४५ मी.) आहे. याउलट पूर्व इंग्लंडच्या सखल प्रदेशातील लिटल ऊझ येथील स्तंभ समुद्रसपाटीच्याही सु. १ मी. खाली आहे. ‘डोंगरमाथ्यावरचा खांब’ हे वर्णन त्यामुळे सर्वच स्तंभांना लागू पडत नाही.

निरीक्षणे : जाळ्याची रचना श्रेणीबद्ध होती. प्रथम श्रेणीच्या सु. ३०० स्थानांमधील त्रिकोण सर्वांत मोठे. त्यांच्या पोटात द्वितीय श्रेणीचे व त्यांच्या पोटात तृतीय व चतुर्थ श्रेणीचे लहान त्रिकोण बसविण्यात आले. खालच्या श्रेणींत चर्चचे मनोरे किंवा तत्सम उंच वास्तू यांचाही लक्ष्यबिंदू म्हणून उपयोग केला गेला. ग्रेट ब्रिटनचे सु. २,३०,००० चौ. किमी. क्षेत्र लक्षात घेता, सरासरी दर ३५ चौ. किमी.ला एक स्तंभ असे प्रमाण पडते. यामुळे स्थानिक सर्वेक्षकाला काही किलोमीटरांच्या आत एखादे ज्ञात स्थान हमखास मिळू शके.

प्रथम श्रेणीचे कोन मोजण्यासाठी ‘टॅव्हिस्टॉक’ या प्रकारचे थिओडोलाइट वापरले गेले. त्याची वर्तुळे काचेची असल्याने रॅम्झडेनच्या उपकरणाच्या तुलनेत ते पुष्कळच लहान व हलके होते. तरीही ते, तंबू, दिवे व विद्युत् घट डोंगरावर वाहून न्यावे लागत. निरीक्षणे बहुधा रात्री केली जात. दिवसा तापलेल्या जमिनीलगतची हवा थरथरत असल्याने दूरचे लक्ष्य स्थिर दिसत नाही. रात्री हवा त्या मानाने शांत असते व दुसऱ्या स्तंभावर लावलेला विजेचा दिवा ठळक बिंदूप्रमाणे दिसतो. प्रत्येक कोन वर्तुळाच्या निरनिराळ्या भागांवर पुनःपुन्हा वाचून त्यांची सरासरी घेत, म्हणजे वर्तुळाच्या आखणीतील दोष परस्परांना छेद देत. धुके व पाऊस यांमुळे मोजणी-पथकाला एकाच माथ्यावर अनेक दिवस थांबावे लागे. दूरच्या माथ्यावर दिवा सांभाळणाऱ्या माणसाची भूमिकाही कोन वाचणाऱ्याइतकीच महत्त्वाची होती. पूर्व इंग्लंडसारख्या सपाट भागात दृष्टिरेषा मिळावी म्हणून बिल्बी या नावाचे सुटे करता येणारे पोलादी मनोरे उभारीत. त्यांत एकात एक असे दोन स्वतंत्र सांगाडे असत. आतील सांगाड्यावर उपकरण व बाहेरील सांगाड्यावर निरीक्षक राही. परिणामी, माणसाच्या हालचालीचा धक्का उपकरणास बसत नसे.

जाळ्याची तपासणी करण्यासाठी दोन आधाररेषा मोजण्यात आल्या : दक्षिण इंग्लंडमध्ये १९३७ साली लिडिंग्टन कासल ते व्हाइट हॉर्स हिल यांमधील सु. ११ किमी. लांबीची रिजवे आधाररेषा आणि उत्तर स्कॉटलंडमध्ये १९३८ साली लॉसीमाउथ येथील आधाररेषा. त्यांसाठी तापमानाने अत्यल्प प्रसरण पावणाऱ्या इन्व्हार या मिश्रधातूच्या फिती वापरल्या. दुसऱ्या महायुद्धामुळे कामात खंड पडला. प्रथम श्रेणीची निरीक्षणे १९५२ मध्ये व संपूर्ण त्रिकोणीकरण १९६२ मध्ये पूर्ण झाले.

गणन व राष्ट्रीय जाल : मोजलेले कोन थेट नकाशावर उतरविता येत नाहीत. प्रत्येक निरीक्षणात अल्प त्रुटी असतेच, म्हणून एकाच स्थानाची निरनिराळ्या मार्गांनी काढलेली मूल्ये किंचित वेगळी येतात. लघुतम वर्ग पद्धतीने या विसंगती सर्व जाळ्यात वाटून द्याव्या लागतात. संगणक उपलब्ध नसताना सर्व देशाची समीकरणे एकदम सोडविणे अशक्य होते. म्हणून प्रथम श्रेणीच्या जाळ्याचे सात भाग पाडले आणि यांत्रिक गणकांच्या साहाय्याने ते एकापाठोपाठ एक सोडविले. आधीच्या भागातील स्थाने अचल मानून पुढील भाग त्यांना जोडण्यात आला.

येथे एक महत्त्वाचा निर्णय घेण्यात आला. जुन्या नकाशांतील अक्षांश-रेखांश शक्य तितके कायम राहावेत, म्हणून नव्या जाळ्याचे स्थान, दिशा व प्रमाण ही प्रमुख त्रिकोणीकरणातील ११ जुन्या स्थानांशी जुळवून घेतली गेली. नव्याने मोजलेल्या आधाररेषा केवळ पडताळ्यासाठी वापरल्या. म्हणजे कोन विसाव्या शतकातील असले, तरी जाळ्याची लांबी एकोणिसाव्या शतकातील मोजमापांवर आधारलेली राहिली. अशा रीतीने सिद्ध झालेल्या स्थानसंचास ‘ओएसजीबी ३६’ हे नाव आहे.

या स्थानसंचावर ब्रिटनचे राष्ट्रीय जाल आधारलेले आहे. ते एअरी याने १८३० मध्ये सुचविलेल्या गोलाभावर व आडव्या मर्केटर प्रक्षेपावर बेतलेले आहे. त्याचा खरा आरंभबिंदू ४९° उ. व २° प. येथे असून सर्व अंक धन यावेत, यासाठी तो ४०० किमी. पश्चिमेस व १०० किमी. उत्तरेस सरकवून धरला आहे. देशातील कोणतेही स्थान आता पूर्वेकडील व उत्तरेकडील अंतरांच्या दोन आकड्यांनी सांगता येऊ लागले आणि परगण्यांच्या सीमांवर नकाशे तुटण्याचा दोष नाहीसा झाला.

जाळ्यातील विकृती : प्रकाश व सूक्ष्मतरंग यांच्या साहाय्याने अंतर मोजणारी उपकरणे प्रचारात आल्यावर जाळ्यातील बाजू प्रत्यक्ष मोजता येऊ लागल्या. १९७० मध्ये अशा मोजणीसह व संगणकाच्या मदतीने सर्व जाळे पुन्हा सोडविण्यात आले. पुढे उपग्रहांद्वारे केलेल्या मापनांनी त्याला पुष्टी मिळाली. ‘ओएसजीबी ३६’ मध्ये प्रमाणाच्या त्रुटी असून देशाच्या विस्तारात त्या साचत जाऊन सु. २० मी.पर्यंत पोहोचतात, असे दिसून आले. निरीक्षकांचा निष्काळजीपणा हे त्याचे कारण नव्हते. जुन्या स्थानांशी जुळवून घेण्याचा निर्णय व भागाभागाने केलेले गणन यांचा तो परिणाम होता.

तथापि नव्या, अधिक अचूक मूल्यांचा नकाशांसाठी स्वीकार करण्यात आला नाही. तोपर्यंत हजारो मोठ्या नकाशांवरील घरे, कुंपणे, रस्ते, नळ व मालमत्तेच्या सीमा जुन्या मूल्यांनुसार आखल्या गेल्या होत्या. स्थानिक कामात शेजारच्या दोन बिंदूंमधील अंतर बरोबर येत होते. देशाच्या दोन टोकांमधील अंतरात पडणाऱ्या फरकाने व्यवहारास बाध येत नव्हता. सर्व मूल्ये बदलल्यास मात्र एकाच जागेचे दोन आकडे प्रचारात आले असते आणि त्यातून खरा गोंधळ उद्‌भवला असता. नकाशाच्या बाबतीत निरपेक्ष अचूकतेइतकेच अंतर्गत सुसंगतीला महत्त्व असते, ही गोष्ट या निर्णयावरून स्पष्ट होते.

उपग्रहयुगातील स्थान : १९८० नंतर उपग्रहांवरून स्थाननिश्चिती करणे सुकर झाले. या पद्धतीत दोन स्थाने परस्परांना दिसण्याची गरज नसते. आकाश मोकळे दिसले म्हणजे पुरते. डोंगरमाथ्यावर जाण्याचे मूळ प्रयोजनच त्यामुळे संपुष्टात आले. जुन्या रीतीने स्तंभावरून केलेल्या अखेरच्या निरीक्षणांपैकी एक १९९२ मध्ये कंब्रियातील थॉर्नी गेल येथे झाले. आता सु. ११० कायम ग्राहक-केंद्रांचे जाळे उपग्रहांचे संकेत अखंडपणे नोंदवीत असते आणि त्याच्या आधारे सर्वेक्षकाला काही सेंमी.पर्यंत अचूक स्थान जागच्या जागी मिळते.

तरीसुद्धा स्तंभांचा संबंध पूर्णतः तुटलेला नाही. उपग्रहांनी मिळणारे स्थान युरोपीय भूखंडाशी निगडित अशा वेगळ्या संदर्भपद्धतीत असते. नकाशे मात्र राष्ट्रीय जालावर आहेत. या दोहोंचा मेळ घालण्यासाठी जुन्या त्रिकोणमितीय स्थानांपैकी तीन हजारांहून अधिक स्थानांवर उपग्रहमापन करून प्रत्येक ठिकाणचा फरक काढण्यात आला. त्यावरून जुन्या जाळ्यातील स्थानिक विकृतींसह सर्व देशासाठी रूपांतराचे कोष्टक तयार झाले. २००२ मध्ये प्रसृत झालेल्या व पुढे सुधारण्यात आलेल्या या रूपांतरानेच आता राष्ट्रीय जालाची व्याख्या केली जाते. पूर्वी स्तंभ जालाची मूल्ये ठरवीत; आता रूपांतराचे सूत्र ठरविते, पण त्या सूत्रात स्तंभांवरील जुन्या निरीक्षणांचे गुण व दोष दोन्ही साठविलेले आहेत. ब्रिटनमधील मोबाइल फोनवर राष्ट्रीय जालातील स्थान दाखविले जाते, तेव्हा त्यामागे डोंगरमाथ्यांवर रात्री वाचलेले हे कोन अप्रत्यक्षपणे असतातच.

बांधलेल्या स्तंभांपैकी बहुसंख्य अजून उभे आहेत. काही स्तंभ शेती, खाणी, बांधकाम किंवा किनाऱ्याची धूप यांमुळे नष्ट झाले. देखभालीची जबाबदारी कमी व्हावी, या हेतूने ऑर्डनन्स सर्व्हेने १९९० नंतरच्या दशकात व्यक्तींना व संस्थांना स्तंभ दत्तक देण्याची योजना राबविली. डोंगरभ्रमण करणाऱ्यांच्या दृष्टीने स्तंभ हा माथा गाठल्याची खूण ठरला असून अधिकाधिक स्तंभांना भेट देण्याचा छंदही तेथे रूढ झाला आहे.

इतर देश : स्पेनमधील अशा खुणा पांढऱ्या रंगाच्या व चौकोनी बैठकीवरील वाटोळ्या खांबाच्या स्वरूपात आढळतात. जपानमध्ये जमिनीत रोवलेले घडीव दगडी खुंट वापरतात. स्ट्रूव्ह याच्या एकोणिसाव्या शतकातील भूगणितीय चापावरील, दहा देशांत पसरलेली ३४ स्थाने युनेस्कोने २००५ मध्ये जागतिक वारसा म्हणून घोषित केली. सर्वेक्षणाच्या खुणा हे वैज्ञानिक स्मारक होय, ही कल्पना त्यामुळे जगन्मान्य झाली.

भारत : भारतातील बृहत् त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा आरंभ विल्यम लॅम्टन याने १० एप्रिल १८०२ रोजी मद्रास येथे आधाररेषा मोजण्यास प्रारंभ करून केला. दक्षिणेकडून उत्तरेकडे त्रिकोणांची साखळी नेत असता २० जानेवारी १८२३ रोजी महाराष्ट्रातील हिंगणघाट (वर्धा जिल्हा) येथे त्याचा मृत्यू झाला. त्याचे काम जॉर्ज एव्हरेस्ट याने पुढे चालविले. भारतीय स्थानांवर खडकात किंवा दगडावर वर्तुळ व त्याच्या मध्यभागी टिंब कोरून खूण करीत. तिच्यावर उपकरणासाठी दगडविटांचा खांब बांधीत आणि त्याला स्पर्श न करणारा वेगळा चौथरा निरीक्षकासाठी उभारीत. निरीक्षकाचा भार उपकरणावर येऊ नये, हे ब्रिटनमधील बिल्बी मनोऱ्यातील तत्त्व येथे शतकभर आधी वापरात होते. गंगेच्या सपाट मैदानात टेकड्या नसल्याने एव्हरेस्टला विटांचे उंच मनोरे बांधावे लागले. सांप्रत भारतीय सर्वेक्षण विभागानेही उपग्रहांचे संकेत अखंड नोंदविणाऱ्या कायम केंद्रांचे जाळे उभारले असून त्यात आरंभी घेतलेल्या राज्यांपैकी महाराष्ट्र एक आहे. टेकड्यांवरील जुन्या खुणांची उपयुक्तता त्यामुळे भारतातही घटली आहे. परंतु जुने नकाशे व जमिनीचे अभिलेख नव्या पद्धतीशी जोडावयाचे असल्यास दोन्ही पद्धतींत ज्यांचे स्थान माहीत आहे, अशा खुणा लागतातच. या दृष्टीने जुन्या खुणांचे जतन करणे हा केवळ इतिहासप्रेमाचा भाग नसून सर्वेक्षणाचीही ती गरज आहे.